दोष काचेचा, शिक्षा डोक्याला

मृगाच्या सरी सुरू झाल्या की पुण्यात छत्र्या, रेनकोट आणि एक जुना युक्तिवाद एकदमच बाहेर पडतात. ‘हेल्मेट एरवी ठीक आहे हो, पण पावसात ते घालणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. काचेवर बाहेरून पाणी, आतून वाफ. समोरचं काही दिसत नाही. उघड्या डोळ्यांना निदान खड्डा तरी दिसतो!’ ऑफिसच्या पार्किंगमध्ये, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, चौकात पोलिसाशी हुज्जत घालताना हेच ऐकू येतं आणि त्यापुढची मागणीही ठरलेली असते: पावसाळ्याचे चार महिने तरी सक्ती शिथिल करा. 2019 च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला, त्यात काही जण पुणेरी पगडी घालून गाडीवर बसले होते. त्या काळातल्या मानदुखीच्या आणि केस गळण्याच्या तक्रारींचा जोर आता ओसरलाय. पावसाचा मुद्दा मात्र अजून तग धरून आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

ते अर्धं सत्य आधी मान्य करू. रात्रीची वेळ, बारीक पाऊस, सिग्नलला थांबलेली गाडी. काचेवर शेकडो थेंब आणि प्रत्येक थेंबात पुढच्या रिक्षाचा लाल दिवा. समोरून हेडलाइट आला की काचेवरचे जुने चरे उजळतात, केसासारख्या बारीक रेघांची चक्रं दिसायला लागतात आणि त्यांच्यामागे रस्ता हरवतो. अंगठ्यानं काच पुसावी तर ट्रकनं उडवलेल्या पाण्यातलं तेल आणि चिखल यांचा एक मेणचट पट्टा डोळ्यांसमोर पसरतो. तेवढ्यात नाकासमोर एक पांढरा डाग उमटतो आणि श्वासागणिक वर चढत डोळ्यांपर्यंत येतो. सिग्नल सुटतो, मागचे हॉर्न वाजवतात, आणि माणूस वैतागून काच वर ढकलतो. हे रोज सोसणाऱ्याला ‘हेल्मेट घाला, जीव वाचवा’ असा फलक दाखवणं म्हणजे त्याला चिडवणंच. सक्तीची बाजू मांडणाऱ्यांनी, सरकारी काय आणि बिनसरकारी काय, या तक्रारीकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. दंडाची पावती फाडणारे भरपूर आहेत, काच कशी ठेवायची हे सांगणारा एक भेटत नाही.

पण ‘काचेतून दिसत नाही’ यावरून ‘म्हणून हेल्मेट नको’ ही उडी कुठून आली? वर जे जे सांगितलं त्यात दोष आहे तो पुढच्या पातळ प्लास्टिकचा. डोकं वाचवणारं कवच आणि त्याच्या आतला थर्माकोल यांच्याविरुद्ध या तक्रारीत एक अक्षर नाही. शिवाय बाहेरचं पाणी आणि आतली वाफ ही दोन अगदी वेगळी दुखणी आहेत, त्यांची औषधं वेगळी आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्यावर लावलं तर दुखणं वाढतं. ‘सगळं करून पाहिलं, काही उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी नेमकं हेच केलेलं असतं.

वाफेपासून सुरू करू. आपण सोडतो तो श्वास साधारण 34 अंशांचा आणि बाष्पानं पूर्ण भरलेला असतो. पुण्यातल्या जुलैच्या पावसात काच थंड होऊन बावीस-तेवीस अंशांपर्यंत येते. श्वास तिच्यावर आपटला की बाष्पाचं पाणी होतं, पण ते सपाट न पसरता सूक्ष्म थेंबांच्या रूपात बसतं आणि प्रकाश विखुरतं. यावर पहिला उपाय फुकटचा आहे: काच एक खाच वर ठेवायची आणि हनुवटीपाशी झडप असेल तर ती उघडायची. इथे हटकून एक प्रश्न येतो, आणि विचारणारा आपण विज्ञान सांगतोय अशा थाटात विचारतो: ‘पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट, मग फट ठेवून काय वाळणार?’ प्रश्न चुकीचा आहे. बाहेरची हवा कितीही दमट असली तरी ती काचेइतकीच थंड असते, त्यामुळे तिच्यातलं बाष्प त्या काचेवर जमत नाही. जमतं ते गरम श्वासातलं. त्या फटीकडून काही वाळवून घ्यायचं नसतं, श्वास हाकलून द्यायचा असतो, आणि त्यासाठी दमट वारासुद्धा पुरतो.

आणि हा वारा आपणच अडवतो. रेनकोटाची कॉलर गळ्यापर्यंत बंद करून वर हनुवटीपाशी खोचलेली असते. कित्येक जण रेनकोटाची टोपी डोक्यावर ओढून तिच्यावर हेल्मेट चढवतात, म्हणजे कानांच्या बाजूनंही हवा बंद, आणि वर हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही ते वेगळंच. पुण्याची खास गोष्ट म्हणजे स्कार्फ. नाकातोंडावरून आवळून बांधलेला, पाच मिनिटांत भिजलेला. त्यातून श्वास समोर जाऊ शकत नाही, तो नाकाच्या कडेनं वर सरकतो आणि थेट चष्म्यावर किंवा काचेवर जातो. एरवी धुळीसाठी बांधलेला स्कार्फ मुसळधार पावसात कुठली धूळ अडवतो? तो गळ्याभोवती खाली घ्या, टोपी हेल्मेटाबाहेर काढा, कॉलरचं वरचं एक बटण सोडा. गळ्याशी थोडं भिजायला होईल. एवढं केलं की निम्म्या लोकांची तक्रार तिथेच संपेल असं माझं मत आहे. चष्मेवाल्यांना तर हे जास्तच लागू, कारण त्यांच्या वाट्याला वाफ धरणाऱ्या दोन काचा येतात.

उरलेल्या निम्म्यांसाठी साबण आहे. भांडी घासायच्या लिक्विडचा किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब काचेच्या आतल्या बाजूला बोटानं पातळ पसरायचा, वाळू द्यायचा आणि मऊ सुती कापडानं काच पारदर्शक दिसेपर्यंत हलक्या हातानं पुसायची. धुवायची नाही. साबणाचा जो अदृश्य थर मागे राहतो तो पाण्याला थेंब धरू देत नाही. पाणी पातळ पडद्यासारखं पसरतं आणि त्यातून आरपार दिसतं. पाणबुडे बुडी मारण्याआधी मास्कच्या काचेत थुंकतात त्यामागचं तत्त्व हेच. हा थर फार टिकत नाही, एखाद-दोन फेऱ्यांनंतर पुन्हा लावावा लागतो. ज्यांना हा उद्योग नको त्यांच्यासाठी पिनलॉक आहे. ही मूळची नेदरलँड्सची कल्पना: काचेच्या आत दोन खुंट्यांवर एक दुसरी पातळ पट्टी बसते, कडेनं सिलिकॉनची बारीक वळी असते, दोन काचांमध्ये हवा कोंडली जाते आणि आतली पट्टी बाहेरच्या थंडीपासून सुटते. शिवाय त्या पट्टीचं प्लास्टिक ओलावा स्वतःत शोषतं. त्यासाठी हेल्मेटाच्या काचेला मुळात खुंट्यांची सोय हवी, आणि ती पट्टी फार मऊ असल्यामुळे तिला साबण, रुमाल, टिश्यू काही लावायचं नाही, फक्त पाणी. कारखान्यातूनच वाफरोधक लेप मारून आलेल्या काचेलाही हेच पथ्य. त्यावर शाम्पू चोळून लेप घालवायचा आणि मग कंपनीला शिव्या द्यायच्या, हे बरोबर नाही.

आता जुगाडवाल्यांकडे वळतो, कारण पावसाळी सवलतवाल्यांना दारूगोळा पुरवतात ते हेच. टूथपेस्ट लावा, असं कुणीतरी सांगतं. ही सूचना आली कुठून? पाणबुड्यांच्या नव्या मास्कवरून. तो असतो कडक काचेचा आणि त्यावरचा कारखान्याचा थर घासून काढायला टूथपेस्ट चालते. आपण हेल्मेटाची ‘काच’ म्हणतो, पण ती असते पॉलिकार्बोनेटची. ते हातोड्याला दाद देत नाही, मात्र पृष्ठभागानं मऊ असतं. टूथपेस्टमधली खर त्यावर अक्षरशः पॉलिश पेपरसारखी चालते. दिवसा काच चकचकीत वाटते, रात्री पहिल्या हेडलाइटला काय केलं ते कळतं. पेट्रोलचं फडकं तर त्याहून वाईट: पॉलिकार्बोनेटवर पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन यांनी आतून बारीक तडे जातात. घरातल्या आरशासाठीचे अमोनियावाले फवारेही नकोत. रॉकेल आणि खोबरेल तेल लावलं की पाणी घरंगळतं खरं, पण मागे तेलाचा पापुद्रा राहतो आणि रात्री प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं. बटाट्याबद्दल मात्र मी थोडा मवाळ आहे. कापलेला बटाटा चोळला की स्टार्चचा थर बसतो, तो साबणासारखंच काम करतो आणि काचेचं काही बिघडवत नाही. बाहेरून लावला तर पहिल्याच जोरदार सरीत धुऊन जातो. ट्रकवाले पुढच्या काचेवर तंबाखू घासतात तोही याच घराण्यातला उपाय, आणि त्यांची काच खरीच काच असते हे विसरू नये.

बाहेरच्या पाण्यासाठी बाजारात मिळणारी पाणी झटकणारी द्रावणं आणि मेणं यांवर आमच्या दुचाकीप्रेमी मित्रांची फार श्रद्धा आहे, आणि इथे मला त्यांच्याशीही भांडायचंय. अशा लेपावर पाणी गोल मण्यांसारखं उभं राहतं आणि वाऱ्यानं पळून जातं. पण वारा हवा ना! एक्स्प्रेस हायवेवरच्या मोटारीला तो मिळतो. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी पंचवीसच्या वेगानं सरकणाऱ्या स्कूटरला कुठून मिळणार? तिथे ते मणी जागीच उभे राहतात आणि प्रत्येक मणी एक छोटं भिंग होऊन बसतो. ताम्हिणीत किंवा आंबोलीत ढगातून जाताना तर याहून वाईट, कारण ढगातला तुषार इतका बारीक असतो की तो घरंगळण्याइतका मोठाच होत नाही. शहरी आणि घाटातल्या कमी वेगाला साधी, स्वच्छ धुतलेली, तेलाचा अंश नसलेली काच बरी, तिच्यावर पाणी पसरून वाहतं. लेप लावायचाच तर प्लास्टिकवर चालेल असं बाटलीवर लिहिलेलाच घ्यावा, लांबच्या वेगवान प्रवासासाठी घ्यावा, आणि तो आतून कधीही लावू नये. आतून लावला की वाफेचेही मणी होतात. लोक नेमका तो आतून लावतात आणि मग ‘महागडं औषधसुद्धा फुकट गेलं’ म्हणून सांगत फिरतात. लेपाविनाही दोन गोष्टी करता येतात. वेग थोडा असेल तर मान क्षणभर डावी-उजवीकडे वळवली की थेंब कडेला सरकतात. आणि डाव्या हातमोज्याच्या अंगठ्यावर रबराची पट्टी असलेले हातमोजे मिळतात, त्या पट्टीनं काच वायपरसारखी निपटता येते. उजवा हात ब्रेकवरून काढायचा नाही.

पण पुसण्याआधी चऱ्यांबद्दल बोलायला हवं, कारण माझ्या मते खरे गुन्हेगार तेच आहेत आणि पावसावर त्यांचं खापर फोडलं जातं. एप्रिल-मे महिन्यात काचेवर धूळ बसते. आपण गाडीवर बसताना ती शर्टाच्या बाहीनं कोरडीच पुसतो. धुळीत वाळू असते. रोजच्या या एका सवयीनं जूनपर्यंत काचेवर चऱ्यांचं जाळं तयार होतं, आणि कोरड्या उन्हात ते दिसत नसल्यामुळे त्याकडे लक्षही जात नाही. पहिला पाऊस, पहिली रात्र, समोरून पहिला ट्रक, आणि मग आपण म्हणतो की पावसात हेल्मेटातून दिसत नाही. कोकणातून येताना तांबडा चिखल वाळून बसलेला असेल तर ओलं फडकं दहा मिनिटं काचेवर नुसतं टाकून ठेवावं, मळ आपोआप सुटतो, मग भरपूर पाण्याखाली बोटांच्या टोकांनी धुवावा. आणि एवढं करूनही काच कायमची टिकत नाही. ब्रेक लायनर झिजतात, टायर गुळगुळीत होतात, चेन सैल पडते, ते आपण कुरकुर न करता बदलतो. हेल्मेटाची काच मात्र हेल्मेटाबरोबर सहगमन करेल अशी अपेक्षा. देशी हेल्मेटांच्या बहुतेक मॉडेलची सुटी काच काही शे रुपयांत मिळते. दर पावसाळ्याच्या तोंडावर ती बदलावी. आणि काळी किंवा आरशासारखी काच असेल तर आजच बदलावी. युरोपच्या हेल्मेट नियमांत काचेतून किमान 80 टक्के प्रकाश पार व्हावा असं आहे, त्याहून गडद काचेवर ‘फक्त दिवसा’ असा शिक्का लागतो. आपल्याकडे ती काळी काच लावून लोक रात्री दहाला पावसातून घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी हेल्मेटविरोधी भाषण देतात.

‘उघड्या डोळ्यांनी बरं दिसतं’ या दाव्याचा आता हिशेब करू. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे तीस किलोमीटरनं खाली येतो. तुम्ही पन्नासनं समोर जात असाल तर तो साठीच्या आसपासच्या वेगानं डोळ्यावर बसतो. पापणी मिटणारच, ते तुमच्या हातात नाही. ताशी पन्नासनं गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. पापणी पाव-अर्धा सेकंद मिटली तरी साडेतीन ते सात मीटर रस्ता तुम्ही न बघता ओलांडलात. उरलेला वेळ डोळे किलकिले. हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसमध्ये नऊशेहून अधिक मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन केलेला अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अपघातात सापडलेल्या 73 टक्के चालकांच्या डोळ्यांवर काच, गॉगल काहीच नव्हतं आणि उघड्या डोळ्यांवरच्या वाऱ्यामुळे धोका दिसायला उशीर झाला असावा असा निष्कर्ष होता. तिथे पाऊस फार कमी पडतो. नुसत्या वाऱ्यानं जर हे होतं, तर आपल्या आषाढात काय होत असेल?

मग येतो शेवटचा बुरुज: ‘पावसात आम्ही हळूच चालवतो, शहरातल्या वेगाला हेल्मेट कशाला?’ युरोपीय मानकाच्या चाचणीत हेल्मेट लोखंडी ऐरणीवर आपटतात ते सेकंदाला 7.5 मीटर वेगानं, म्हणजे ताशी 27 किलोमीटर. थोडक्यात, हेल्मेट बनतंच तुमच्या त्या ‘हळू’साठी. ओल्या झेब्रा पट्ट्यावर, ड्रेनेजच्या झाकणावर गाडी घसरते तेव्हा डोकं गाडीच्या उंचीवरून खाली येतं, स्पीडोमीटर काय दाखवत होता याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातात गेले, त्यात 14,337 मागे बसलेले होते. हे सगळे हेल्मेटानं वाचलेच असते असं कुणी म्हणू नये. पण किती फरक पडतो याचा अंदाज आहे: 2008 च्या कोक्रेन आढाव्यात जगभरातल्या 61 अभ्यासांवरून हेल्मेटामुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्येही ऋतूचा उल्लेख नाही.

सवलत मागणाऱ्यांना खरंच काही मागायचं असेल तर त्यांनी विक्रेत्यांकडे मागावं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 138 व्या नियमानुसार नवी दुचाकी विकताना तिच्याबरोबर हेल्मेट द्यायचं असतं. शोरूममधून हातात पडणाऱ्या त्या हेल्मेटाची काच कशी असते ते ज्यांनी गाडी घेतलीय त्यांना ठाऊक आहे. हनुवटीची झडप कधीकधी नुसती नक्षी असते, मागे भोकच नसतं. नखानं खरवडून बघावं! वर्षातले चार महिने जिथे पाऊस पडतो तिथे वाफरोधक काच ही महागड्या हेल्मेटाची चैन का असावी? युरोपच्या नियमांतही वाफरोधक काचेची चाचणी ऐच्छिक आहे. आपल्या हवामानात ती सक्तीची असावी ही मागणी घेऊन मोर्चा काढला, तर पगडीवाल्यांबरोबर मीही येईन, हेल्मेट घालून.

हे सगळं केल्यावरही असा पाऊस असतो की ज्यात मोटारीचा वायपरही हात टेकतो. मुंबईत जुलैच्या भरतीला, वरंध घाटात दुपारी चारला असा पाऊस पडतो. त्यात नव्या काचेनं दिसत नाही आणि उघड्या डोळ्यांनी तर त्याहून नाही. तेव्हा थांबायचं. पण आपण थांबतो कुठे? हमरस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली, डाव्या लेनमध्येच, तीन-तीन रांगा करून, दिवे बंद, आणि थांबल्याबरोबर पहिलं काम म्हणजे हेल्मेट काढून आरशाला अडकवणं. थांबायचं तर रस्ता सोडून, पेट्रोल पंपावर किंवा एखाद्या हॉटेलच्या अंगणात गाडी घ्यायची. ते जमलंच नाही आणि पुलाखाली उभं राहावंच लागलं तर मागचा दिवा चालू ठेवा आणि हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. मागून येणाऱ्यानं त्याची काच या वर्षी बदललीय की नाही, हे तुम्हाला माहीत नसतं.